मागची काच

श्यामकांत टिपणीस फियाटच्या टपावर बोटाच्या पेराने टकटक करत होते. नारळ निवडताना करतात तसं. टपाने काहीच उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी अधिक गंभीर चेहरा करून बॉनेटवर टकटक केली.

गाडीचे मालक सरदार निरंजनसिंग करोल बागेतल्या आपल्या सीट कव्हरच्या दुकानाच्या पायरीवर बसून हा प्रकार बघत होते. थोडा वेळ त्यांनी गिऱ्हाइकाचा मान राखला. मग म्हणाले, "अंदर से मीठी है, साब. ले जाओ."

टिपणीस हसले, पण घाबरून हसले. ते सगळंच घाबरून करत. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि आजवर कुठल्याही फायलीवर त्यांनी 'होय' लिहिलेलं नव्हतं. लिफ्टमध्ये ते दाराकडे तोंड करून उभे राहत, म्हणजे अडकलीच तर सर्वांत आधी कळावं. रात्री गॅसचा कॉक बंद असल्याची खात्री सुमित्राबाई करत, मग ते करत, आणि अंथरुणातून उठून पुन्हा करत. असा माणूस गाडी घ्यायला निघाला, कारण त्याला सासऱ्यांची भीती गाडीच्या भीतीहून जास्त होती.

सासरे म्हणजे भाऊसाहेब. साताऱ्याला आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस. अर्धांगाने डावी बाजू गेली आणि एकुलत्या मुलीकडे, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आला. त्यांना व्यायामासाठी वरचेवर हॉस्पिटलात न्यावं लागे. रिक्षावाले आधी त्यांच्या पायाकडे बघत, मग जिन्याकडे, आणि मग पेट्रोल संपल्याचं सांगत. शिवाय भाऊसाहेबांची एक इच्छा होती. पानिपतची लढाई त्यांनी पिढ्यान् पिढ्यांना शिकवली, पण पानिपत पाहिलेलं नव्हतं. संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी तिथल्या 'काला अंब' या लढाईच्या स्मारकाला जातात हे कळल्यापासून ते जावयाकडे नुसते बघत. त्या बघण्यात तोंडी परीक्षेची झाक होती.

तेव्हा चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात टिपणिसांनी गाड्या बघायला सुरुवात केली. दिल्लीतली प्रत्येक जुनी गाडी एका डॉक्टरने वापरलेली होती. दलाल तसं शपथेवर सांगत. बाकीचं शहर इतकी वर्षं बहुधा पायीच हिंडत असावं. निरंजनसिंग मात्र पहिल्याच भेटीत म्हणाले की गाडी कुठल्याही डॉक्टरची नाही, माझी आहे, आणि मी ती फार जपून चालवलेली नाही. पावसात मागचं डावं दार गळतं. थंडीत चोक नखरे करतो. सीटा तेवढ्या बघण्यासारख्या आहेत, कारण त्या मी स्वतः शिवल्यात.

विकणारा माणूस दोष का सांगतो, या काळजीत टिपणिसांनी आणखी आठवडा घालवला. शेवटी सुमित्राबाई स्वतः करोल बागेत गेल्या, मागच्या सीटवर जरा आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊंची पाठ टेकेल इथे. घेऊन टाका."

गाडी घरी आली. हिरवी फियाट, आत तपकिरी रेक्झिनच्या सीटा, आणि मागच्या काचेवर बाहेरच्या बाजूने पिवळ्या ऑइलपेंटमध्ये वीतभर उंचीचं, गुरुमुखीतलं 'इक ओंकार', शिखांचं पवित्र चिन्ह. निरंजनसिंगांनी ते पेंटरकडून काढून घेतलं होतं. मुलगी वीणा म्हणाली, "बाबा, हे काढून टाका ना. सगळे आपल्याला सरदार समजतील, यार."

"देवाचं आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. "देवाचं खरवडायचं नसतं."

टिपणिसांना दोघींचंही पटलं. दोघींचंही पटलं की ते काहीच करत नसत. ओंकार राहिला.

गाडी विकून निरंजनसिंग मोकळे झाले नाहीत. घेणाऱ्याला चालवता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आपल्या गाडीची त्यांना दया आली असावी. दर रविवारी सकाळी ते बसने यायचे आणि टिपणिसांच्या शेजारी बसून त्यांना शिकवायचे. टिपणीस दोन्ही हातांनी स्टिअरिंगला लोंबकळत. आरशात बघत, मग मान वळवून मागची काच बघत, पुन्हा आरशात बघत, आणि या सगळ्यात समोर बघायचं राहून जाई. गिअर दुसऱ्याच्या वर जात नसे.

"तीसरा भी है, टिपनीस साब," निरंजनसिंग म्हणत. "पैसे उसके भी दिए हैं आपने."

शिकवणी झाली की ते वर चहाला येत. भाऊसाहेबांचं आणि त्यांचं जमलं. एकाचं हिंदी साताऱ्याचं, दुसऱ्याचं ल्यालपूरचं, त्यामुळे दोघेही एकमेकांचं शांतपणे ऐकून घेत. संक्रांतीला पानिपतला जायचा बेत ऐकून निरंजनसिंगांनी कप खाली ठेवला. "फिर से?" त्यांनी विचारलं. भाऊसाहेब अर्धांगानंतर पहिल्यांदाच मोठ्याने हसले. अर्धं तोंड हसत नव्हतं, पण उरलेल्या अर्ध्याने भरपूर केलं.

दसऱ्याला सुमित्राबाईंनी गाडीची पूजा केली. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली, झेंडूची माळ घातली. मग मागे जाऊन ओंकारालाही हळदकुंकू वाहिलं, कारण घरातल्या एका देवाला वाहायचं आणि दुसऱ्याला नाही हे बरं दिसत नाही. निरंजनसिंगांनी हात जोडले आणि आपट्याचं पान पगडीत खोचून बसने घरी गेले.

महिना गेला नाही तोच, एकतीस ऑक्टोबरला, पंतप्रधानांना त्यांच्याच शीख अंगरक्षकांनी गोळ्या घातल्या.

त्या दिवशी बुधवार होता, तरी निरंजनसिंग आले होते. भाऊसाहेबांच्या पाठीसाठी त्यांनी एक गादी शिवली होती, ती द्यायला. बातमी त्यांना बसमध्ये कळली. संध्याकाळी परत निघाले, तोवर पंतप्रधानांना नेलेल्या हॉस्पिटलच्या बाजूने लोक पळत येत होते, आणि बसेस थांबवून त्यातून पगडीवाले खाली ओढले जात होते. सुमित्राबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि भाताला आधण चढवलं. निरंजनसिंगांची बायको लुधियानाला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. "अच्छा है," ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी वीणा गच्चीवर जाऊन आली आणि म्हणाली, चारी बाजूंनी धूर दिसतोय. टिपणिसांनी खिडक्यांचे पडदे ओढले. मग पडदे ओढलेले बघून लोकांना संशय येईल असं वाटून पुढचे उघडले. निरंजनसिंग मागच्या खोलीत भाऊसाहेबांच्या खाटेजवळ बसून होते. टिपणीस खोलीत जात, त्यांच्याकडे बघून काही बोलायला तोंड उघडत, आणि गॅसचा कॉक बघायला परत जात. त्यांना वाईट विचार येत होता. तो असा, की हा माणूस काल गादी उद्या देईन म्हणाला असता तर किती बरं झालं असतं. तो विचार आला की त्यांना स्वतःची भीती वाटे, आणि ती भीती नेहमीच्या भीतीहून वेगळी होती.

दहाच्या सुमारास माणसं आली. स्कूटरवरून काही, पायी बरीच. हातात गज होते, एकाच्या हातात रॉकेलचा डबा होता. ओरडत वगैरे नव्हते. महापालिकेची माणसं डासांची फवारणी करायला येतात तशी ब्लॉक बघत चालली होती. खाली उभ्या असलेल्या स्कूटरींच्या आणि गाड्यांच्या रांगेत ती फियाटच्या मागे येऊन थांबली.

"यह किस सरदार की है?"

सगळ्या बाल्कन्यांत माणसं होती. सगळ्यांनी एकदम टिपणिसांच्या खिडकीकडे पाहिलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

टिपणीस खाली कसे गेले हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. जिन्यावर आपल्या स्लिपर दोन वेगवेगळ्या आहेत एवढं दिसलं. खाली गेल्यावर त्यांनी गाडी आपली असल्याचं सांगितलं. सेक्शन ऑफिसर, अमुक मंत्रालय, नाव श्यामकांत टिपणीस. ओळखपत्र दाखवायला खिसा चाचपला, पण ते लेंग्यात होते.

"तो यह क्या है?" पुढच्या माणसाने काचेवर गज टेकवला. चांगल्या घरातला दिसत होता. अंगात हाताने विणलेला स्वेटर. त्याच्या मागचा एक जण रोज सकाळी दुधाच्या रांगेत टिपणिसांच्या पाठी उभा असायचा. आज त्याने ओळख दाखवली नाही. टिपणिसांनीही नाही.

"पहले वाले का है. बेच के गया."

"कहाँ गया?"

टिपणिसांच्या डोक्यात फक्त मागची खोली होती. तिचा पडदा. पडद्याला पडलेलं भोक, जे रविवारी शिवायचं राहिलं होतं. "पंजाब," ते म्हणाले. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "पंजाब गया. हम लोग तो महाराष्ट्र के हैं."

"मराठे?" स्वेटरवाला खूश झाला. "मराठे तो शेर होते हैं." मागे कुणीतरी हसलं. "फिर रखा क्यों है, अंकल? हटाओ इसको."

रॉकेलचा डबा हलला तसं आत डुचमळल्याचं ऐकू आलं. टिपणिसांनी नखाने रंग खरवडायला सुरुवात केली. नख लागेना. तेवढ्यात बाजूने एक हात पुढे आला. सुमित्राबाई होत्या. त्यांच्या हातात धिरड्यांचं उलथनं होतं. त्यांनी ते नवऱ्याच्या हातात दिलं आणि नजर वर न करता बाजूला उभ्या राहिल्या.

टिपणीस खरवडू लागले. रंग चिवट होता. आधी दसऱ्याचं वाळलेलं कुंकू निघालं, मग पिवळे टवके उडायला लागले, त्यांच्या लेंग्यावर, स्लिपरवर. काचेवर लोखंडाचा असा आवाज येत होता की त्या माणसांनीही तोंडं वाकडी केली. आवाज तीन मजले वर जात असणार, मागच्या खोलीत जात असणार, हे त्यांना कळत होतं, आणि ते थांबले नाहीत. उलट जोराने खरवडत राहिले.

"डरो मत, अंकल," स्वेटरवाला प्रेमाने म्हणाला. "आराम से." आणि काच साफ होईपर्यंत ती सगळी माणसं थांबली. मग पुढच्या ब्लॉककडे गेली.

टिपणीस उलथनं घेऊन वर आले. मागच्या खोलीच्या दारात थांबले. आत जायचं की नाही हे ठरत नव्हतं. निरंजनसिंगांनी त्यांच्या लेंग्यावरचे टवके पाहिले.

"पेंटर से मैंने ही कहा था," ते म्हणाले. "पक्का रंग लगाना."

दुपारी रस्त्यापलीकडच्या मार्केटमधली दोन दुकानं पेटली. शेजारचे बाल्कनीतून टिपणिसांच्या घराकडे बघू लागले होते. काही वाईट मनाने नव्हे, पण बघणं थांबत नव्हतं. एवढी ताटं कशाला घासली, असं समोरच्या बाईंनी सुमित्राबाईंना विचारलंसुद्धा. निरंजनसिंगांचा मेहुणा सुभेदार होता आणि छावणीत राहत होता. छावणी जवळच, पण मधे रस्ता होता, आणि रस्त्यात माणसं होती.

उपाय भाऊसाहेबांनी काढला. खाटेवरून त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. "मला मागच्या सीटवर झोपवा. हे माझ्या खाली. वर माझं ब्लँकेट. जावईबापू, तुम्ही चालवा. मी कण्हेन."

"भाऊसाहेब, मला... ते शेजारी नसताना मी कधी चालवलेली नाही," टिपणीस म्हणाले.

"ते गाडीत असतीलच की."

निरंजनसिंगांनी पगडी उतरवली. सुमित्राबाईंनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळली आणि हॉस्पिटलच्या पिशवीत सर्वांत वर ठेवली. वीणाला वरच्या मजल्यावर मैत्रिणीकडे पाठवलं. समोरच्या बाईंच्या घरी रेडिओवर शोकसंगीत चालू होतं आणि सगळे आत होते, तेवढ्यात चौघं खाली उतरली. तो थोराड माणूस फियाटच्या दोन सीटांमधल्या जागेत मावला, हे दुसऱ्या कुठल्याही दिवशी कुणाला खरं वाटलं नसतं. नव्या गादीवर भाऊसाहेबांना आडवं केलं. त्यांचा चालता हात ब्लँकेटच्या आत होता.

टिपणिसांनी सेल्फ मारला. गाडी खोकली आणि गप्प झाली.

"चोक," ब्लँकेट हळूच म्हणालं.

त्यांनी चोक ओढला. गाडी निघाली. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत कुणी भेटलं नाही. रस्त्याच्या कडेला एक टॅक्सी जळून गेली होती आणि तिच्याशेजारी एकच बूट पडला होता. टिपणिसांनी आरशात पाहिलं, मग मान वळवून मागची काच पाहिली. ती स्वच्छ होती, सगळा रस्ता दिसत होता. त्यांनी पुन्हा मागे पाहिलं नाही.

चौकात लाकडं टाकून रस्ता अडवला होता. तीसेक माणसं असतील. एकाने हात केला. टिपणिसांनी ब्रेक दाबला, क्लच राहिला, आणि गाडी त्यांच्या मधोमध बंद पडली.

माणसांनी वेढा घातला. एक मागे गेला, त्याने काचेवरून तळवा फिरवला. एक खिडकीत वाकला. "कौन है?" सुमित्राबाई म्हणाल्या, "पिताजी हैं. अस्पताल." त्याने आत पाहिलं. भाऊसाहेबांनी कण्हायचं ठरलं होतं, पण ते कण्हले नाहीत. ते रडत होते. आवाज न करता, अर्ध्याच चेहऱ्याने, आणि डोळे त्या माणसावर रोखलेले. माणूस थोडा मागे सरकला.

टिपणिसांनी सेल्फ मारला. एकदा, दोनदा, पुन्हा. गाडी नुसती कुरकुरत होती.

"बैटरी गई," बाहेर कुणीतरी निदान केलं. "अरे, हाथ लगाओ यार. बुज़ुर्ग आदमी है. धक्का मारो."

आणि त्यांनी गज खाली ठेवले. दहाबारा जण मागे गेले, डिकीला आणि मागच्या काचेला हात टेकवले आणि फियाट ढकलायला लागले. मनापासून ढकलत होते. एक जण तर लय धरून मोजत होता. गाडी हलली, वेग घेऊ लागली. ब्लँकेटखालून अगदी हळू, रविवारच्या त्याच आवाजात सूचना आली, "दूसरा डालो, साब. अब क्लच छोड़ो."

टिपणिसांनी दुसरा टाकला, क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि सुरू झाली. मागून टाळ्या पडल्या.

छावणीच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने बंदूक आडवी धरली. निरंजनसिंग उतरायला निघाले तर पाय सरळ होईनात. सुमित्राबाईंनी पिशवीतून पंचा काढून दिला. पगडी बांधायला आरसा हवा होता. ते गाडीच्या मागे गेले आणि मागच्या काचेत बघून, ओरखड्यांवरच नजर लावून, एकेक पदर नीट बसवत त्यांनी पगडी बांधली. घाई केली नाही. पहारेकरीही थांबला.

टिपणीस बाजूला उभे होते. त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. दुपारी जिन्यावर मनात वाक्यही तयार केलं होतं. ते म्हणाले, "सरदारजी, वह सुबह..."

निरंजनसिंगांनी पगडीचं टोक खोचलं. "वापस जाते वक्त तीसरा डालना," ते म्हणाले. "दूसरे में इंजन गरम होता है." मग भाऊसाहेबांच्या खिडकीशी थांबले, त्यांचा हात हातात घेतला आणि फाटकातून आत गेले.

टिपणीस दुसऱ्यातच परत आले.

डिसेंबरात ते करोल बागेत दोनदा जाऊन आले. सीट कव्हरच्या दुकानाचं शटर काळं झालं होतं आणि मधोमध आत वाकलं होतं. शेजारच्या दुकानदाराने पहिल्यांदा सांगितलं, "पंजाब गए." टिपणीस दचकले. हे उत्तर त्यांनी आधी ऐकलेलं होतं, स्वतःच्याच तोंडून. दुसऱ्यांदा गेले तेव्हा काही न विचारताच परत फिरले.

संक्रांतीच्या पहाटे दिल्लीवर धुकं उतरलं होतं. भाऊसाहेबांना त्यांच्या गादीवर बसवलं, गुडघ्यांवर ब्लँकेट घातलं. वीणा तिळगुळाचा डबा घेऊन शेजारी बसली. गाडीच्या साऱ्या काचांवर दव साचलं होतं. टिपणिसांनी वर्तमानपत्राचा बोळा करून पुढची काच पुसली, मग बाजूच्या. मग मागे आले आणि हात वर करून तसेच उभे राहिले.

काच पांढरी झाली होती. फक्त मधे, जिथे इतकी वर्षं रंग होता, तिथे दव धरलं नव्हतं. वीतभर उंचीची ती अक्षरं स्वच्छ उमटली होती. वळणं, वरची कमान, सगळं जागच्या जागी. उलथन्याने वरचं तेवढं गेलं होतं.

"अहो, मागची राहिली," सुमित्राबाई पुढून म्हणाल्या.

"राहू दे."

"मागचं दिसायचं कसं?"

टिपणिसांनी बोळा खिशात घातला आणि गाडीत येऊन बसले. सुमित्राबाईंनी मान वळवली, काच पाहिली, आणि पदर सावरून समोर बघत राहिल्या. चोक ओढल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला निघाली. पानिपतच्या रस्त्याला मागून ट्रक येत होते. त्यांचे दिवे त्या अक्षरांतून आत येत आणि आरशात पिवळे पेटत. बाकी मागचं काहीएक दिसत नव्हतं.

टिपणिसांनी तिसरा गिअर टाकला.